प्लास्टिकच्या भावकीतले सुपरकंडक्टर, आन् त्यांच्या पोटातलं काढून घ्यायची एमआरआयवाली युक्ती

तांब्याच्या वायरवर प्लास्टिक काहून असतं हे लेकरांनाही माहीत असतं, करंट आतल्या आत जावा आन् हाताला लागू नये म्हणून. कार्बन, हायड्रोजन, गंधक असल्या अणूंचे रेणू म्हंजे सेंद्रिय पदार्थ, आन् ते करंट वाहून नेत नाहीत, शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथंच संपते. पण याच भावकीतले काही रेणू असे आहेत की त्यांचा क्रिस्टल बनवला तर तो धातूसारखा वागतो, काही तर थंड करून उलीसे दाबले की सुपरकंडक्टर होतात, म्हंजे करंटला विरोध शून्य, आन् दाब सोडला की परत इन्सुलेटर नायतर एक विचित्र प्रकारचं चुंबक. क्रिस्टल तोच, एकही अणू बदललेला नाही. मला या सगळ्या विषयात भारी वाटतं ते हेच, आन् त्याहून भारी म्हंजे जाड धातूच्या बंद डबीत हजारो वातावरणांच्या दाबाखाली तो क्रिस्टल कोंबलेला असताना आत इलेक्ट्रॉन काय करायलेत हे कळतं कसं.

आधी थोडा इतिहास, पटकन उरकतो. १९५४ ला जपानमधल्या अकामातु, इनोकुची आन् मात्सुनागा या तिघांनी पेरिलीन नावाचा, डांबरात पण सापडणारा पदार्थ घेतला, त्यात ब्रोमीन घातलं आन् दाखवून दिलं की यातून करंट बऱ्यापैकी जातो. १९६४ ला स्टॅनफर्डच्या विल्यम लिटल यांनी कागदावर गणित मांडलं की सेंद्रिय साखळीचा सुपरकंडक्टर रूम टेम्परेचरला सुद्धा चालू शकतो. ते आजपर्यंत काही जमलेलं नाही, पण त्या आशेनं लई केमिस्ट कामाला लागले एवढं खरं. १९७३ ला टीटीएफ आन् टीसीएनक्यू या दोन रेणूंच्या जोडीचा क्रिस्टल आला, तो थंड करत गेलं की धातूसारखा अजून अजून चांगला करंट न्यायचा, पण ५४ केल्व्हिनच्या आसपास त्याची साखळी स्वतःच आकसून वाकडी व्हायची आन् करंट बंद. केल्व्हिनचा अंदाज नसेल तर, परभणीतला मे महिना म्हंजे साधारण ३१८ केल्व्हिन, आन् ० केल्व्हिन म्हंजे उणे २७३ सेल्सियस, त्याच्या खाली थंडी नाहीच.

मग १९७९. कोपनहेगनच्या क्लाऊस बेकगार्ड यांनी टीएमटीएसएफ नावाचा रेणू वापरून क्रिस्टल बनवले, या रेणूत गंधकाच्या जागी सेलेनियम. पॅरिसजवळच्या ओर्सेमध्ये डेनिस जेरोम यांच्या टीमनं त्यातला पीएफ-सिक्सवाला, म्हंजे रेणूंच्या सोबतीला फॉस्फरस-फ्लोरीनचा भारवाला गट असलेला, क्रिस्टल दाबाखाली घातला आन् साधारण १२ किलोबारला, ०.९ केल्व्हिनच्या आसपास तो सुपरकंडक्टर झाला. सेंद्रिय पदार्थातली ही पहिलीच सुपरकंडक्टिव्हिटी, पेपर १९८० ला आला. आन् लगेच १९८१ ला त्याच घराण्यातला, पीएफ-सिक्सच्या जागी परक्लोरेट असलेला क्रिस्टल दाब न देताच सुपरकंडक्टर निघाला. तेव्हापासून या क्षेत्रात दाब हे मुख्य हत्यार होऊन बसलं.

## दाबच काहून

१ किलोबार म्हंजे साधारण १,००० वातावरणं, आन् १० किलोबारला म्हणायचं १ गिगापास्कल. जगातल्या सगळ्यात खोल समुद्राच्या तळाला पण दाब १.१ किलोबारच्या आसपासच असतो, त्यावरून हिशोब लावा. १ गिगापास्कल दाबानं तांब्याचं आकारमान १ टक्का सुद्धा कमी होत नाही, ते त्याच्या गावीही नसतं. सेंद्रिय क्रिस्टलचं तसं नाही. यात रेणू एकमेकांवर नुसते रचून ठेवल्यासारखे असतात, त्यांच्यातला बंध कमजोर, म्हणून तेवढ्याच दाबात हे क्रिस्टल काही टक्के आकसतात. आन् इलेक्ट्रॉन एका रेणूवरून शेजारच्या रेणूवर किती सहज उडी मारतो हे दोघांतल्या अंतरावर एवढं अवलंबून असतं की अंतर जरासं कमी झालं तरी सगळा खेळ बदलतो.

खेळ म्हंजे नेमका काय, ते सांगतो. लातूरला क्लासेसच्या भागात पोरं कॉट बेसिसवर राहतात, एका खोलीत ओळीनं कॉट लावलेल्या, एका कॉटवर एक पोरगं. शेजारच्या कॉटवर जायचं म्हणलं तर तिथं आधीच कुणीतरी झोपलेलं, एका कॉटवर दोघं म्हंजे रात्रभर भांडण, म्हणून सगळे गुमान आपापल्या जागी. इलेक्ट्रॉनचं तसंच, दोघांवर पण ऋण भार, एका जागी आले की एकमेकांना ढकलतात. पुस्तकातला साधा नियम सांगतो की अशा अर्ध्या भरलेल्या, म्हंजे दोघांच्या जागेत एकच इलेक्ट्रॉन असलेल्या, क्रिस्टलमधून करंट मस्त जायला पाहिजे, पण भांडणाचा खर्च मोठा असला की कुणीच हलत नाही आन् पदार्थ इन्सुलेटर होतो, याला म्हणतात मॉट इन्सुलेटर. आता घरमालकानं जागा वाचवायला सगळ्या कॉट एकमेकींना चिकटवल्या, तर कुणाची कॉट कुठं संपते तेच कळत नाही, पोरं झोपेत इकडून तिकडं लोळायला लागतात, आन् भांडण असलं तरी ते लोळण्यापुढं टिकत नाही. दाब हेच करतो. त्यात अजून एक गंमत, जागच्या जागी अडकलेले हे इलेक्ट्रॉन शेजाऱ्याच्या उलट दिशेला डोकं करून झोपतात, एकाचा स्पिन, म्हंजे इलेक्ट्रॉनचं स्वतःचं चिमुकलं चुंबक, वर तर शेजाऱ्याचा खाली, म्हंजे बाहेरून बघितलं तर चुंबकत्व शून्य आन् आतून मात्र कडक शिस्त. याला अँटिफेरोमॅग्नेट म्हणायचं.

केमिस्टला हेच दुसऱ्या रस्त्यानं करता येतं, क्रिस्टलमधला एखादा अणू बदलून लहान-मोठा घालायचा, की रेणूंमधलं अंतर बदलतं. पण त्यात प्रत्येक वेळी नवीन क्रिस्टल, नवीन दोष, नवीन अशुद्धता, आन् मग फरक कशामुळं पडला ते ठामपणे सांगता येत नाही. दाबाचं बटण स्वच्छ आहे.

## न्यूक्लिअसला विचारायचं

बंद डबीत बघायचं कसं? रेझिस्टन्स मोजता येतो, चार तारा आत घालून, आन् लोक मोजतात पण. मात्र रेझिस्टन्स एवढंच सांगतो की रस्ता बंद आहे का चालू, बंद असला तर काहून बंद ते सांगत नाही. न्यूट्रॉनचा मारा करून चुंबकाची रचना बघतात, पण त्याला मोठे क्रिस्टल लागतात, इथं क्रिस्टल म्हंजे मिलिमीटर दोन मिलिमीटरची काळी चकचकीत सुई नायतर पापुद्रा, वरून त्यात हायड्रोजन ठासून भरलेला, आन् हायड्रोजन न्यूट्रॉनला इकडंतिकडं उधळून सगळा गोंधळ करतो.

म्हणून एनएमआर, म्हंजे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. हे नाव नवीन वाटत असलं तरी ओळख जुनीच आहे, लातूरला, नांदेडला, संभाजीनगरला ठिकठिकाणी एमआरआय सेंटरच्या पाट्या दिसतात ना, तेच तंत्र. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकक्षेत्राचं माप) मशीनमध्ये पेशंटच्या अंगातल्या पाण्याच्या हायड्रोजनचे न्यूक्लिअस साधारण ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. प्रत्येक न्यूक्लिअसचा आपला ठरलेला आकडा असतो, हायड्रोजनचा टेस्लामागं ४२.५८ मेगाहर्ट्झ, कार्बन-१३ चा १०.७१. चुंबकक्षेत्र दुप्पट केलं की फ्रिक्वेन्सी दुप्पट, इतका सरळ हिशोब. ब्लॉख आन् पर्सेल यांनी १९४६ ला हे वेगवेगळं शोधलं आन् १९५२ चं नोबेल वाटून घेतलं.

आता मुद्द्याची गोष्ट. न्यूक्लिअसला जे चुंबकक्षेत्र जाणवतं ते निस्तं बाहेरच्या मोठ्या मॅग्नेटचं नसतं, त्याच्या अंगाखांद्यावर फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचं पण उलीसं क्षेत्र त्यात मिसळलेलं असतं. म्हंजे न्यूक्लिअसची फ्रिक्वेन्सी बारकाईनं मोजली की इलेक्ट्रॉनची खबर लागते, आन् ती पण क्रिस्टलची सरसकट सरासरी नाही, त्या ठराविक अणूच्या जागेवरची खबर. यातून तीन गोष्टी वाचता येतात.

पहिली, लाईन किती सरकली. लाईन म्हंजे फ्रिक्वेन्सीच्या आलेखावर न्यूक्लिअसच्या प्रतिसादाचा जो सुळका दिसतो तो. वॉल्टर नाईट यांनी १९४९ ला तांब्यात हे सरकणं बघितलं म्हणून त्याला नाईट शिफ्ट म्हणतात. इलेक्ट्रॉनचे स्पिन बाहेरच्या क्षेत्राच्या दिशेनं सरासरी किती कलले ते यातून कळतं. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडी जोडीनं फिरतात, जोडीत एक वर एक खाली असेल तर स्पिनचा हिशोब शून्य होतो आन् शिफ्ट कमी होत जातं, दोघं एकाच बाजूला असतील तर बदलत नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी याच्यावरून झालेला घोळ सांगायचाय.

दुसरी, टी-वन. रेडिओचा एक छोटा धक्का देऊन, म्हंजे पल्स देऊन, न्यूक्लिअसला आडवं पाडायचं आन् परत उभं राहायला किती वेळ लागतो ते बघायचं. उभं राहायला ऊर्जा कुणाला तरी द्यावी लागते, आन् घेणारे बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनच. इलेक्ट्रॉनच्या स्पिनची चुळबूळ जेवढी जास्त, तेवढा न्यूक्लिअस लवकर जागेवर. साध्या धातूत टी-वन गुणिले तापमान हा आकडा कायम राहतो, तापमान अर्धं केलं की वेळ दुप्पट. याला कोरिंगाचा नियम म्हणतात, १९५० चा. हा नियम मोडला की समजायचं इलेक्ट्रॉन साध्या धातूसारखे नाहीत, आत काहीतरी शिजतंय.

तिसरी, लाईनचा आकार. सगळ्या न्यूक्लिअसना सारखं क्षेत्र मिळत असेल तर लाईन बारीक, आत चुंबकी रचना तयार झाली तर काहींना जास्त काहींना कमी, मग लाईन फुगते नायतर फुटून दोन होतात. मला स्वतःला हीच गोष्ट सगळ्यात भरवशाची वाटते, आकडेमोड करायच्या आधी नुसत्या चित्रावरून कळतं.

## डबीच्या आत

आता ही डबी, म्हंजे प्रेशर सेल, जवळून बघू, कारण पेपरमध्ये एका ओळीत उरकलेलं हे काम प्रत्यक्षात जीव खाणारं आहे.

सेलची बॉडी बहुतेक बेरिलियम कॉपरची. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या टूलरूममध्ये काम केलेल्या लोकांना हा धातू माहीत असतो, मोल्डमधून उष्णता लवकर काढायची असली की तिथं याचा इन्सर्ट बसवतात. कडक असूनही उष्णता पटकन वाहून नेणारा आन् चुंबकाला न चिकटणारा, म्हणून इथं उपयोगाचा. साधं पोलाद वापरलं तर तेच मॅग्नेटमध्ये खेचलं जाईल आन् आतलं क्षेत्र पण बिघडवेल. अजून जास्त दाब पाहिजे असेल तर आत निकेल-क्रोम-ॲल्युमिनियमची बाही बसवतात. बेरिलियमची धूळ फुफ्फुसाला विषारी, म्हणून ते घासायचं-कापायचं काम जपून करावं लागतं.

क्रिस्टलच्या भोवती केसासारख्या बारीक इनॅमल तांब्याच्या तारेची कॉईल गुंडाळायची. कॉईल आतच पाहिजे, बाहेरून चालत नाही, कारण मॅग्नेटचं स्थिर क्षेत्र धातूच्या भिंतीतून आरामात आत जातं पण १०० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी धातूत काही मायक्रॉन जाऊन विझतात. मग कॉईलची दोन टोकं बाहेर आणायची, एका बुचातल्या बारीक छिद्रातून, आन् ते छिद्र इपॉक्सीनं बुजवायचं. हेच सगळ्यात नाजूक ठिकाण. आत १०,००० वातावरणं, बाहेर एक, आन् मध्ये चिमूटभर इपॉक्सी. प्रेस चालवताना तार तुटली किंवा इपॉक्सी सरकली तर सगळं खोलून पहिल्यापासून, आन् क्रिस्टल शाबूत असला तर नशीब.

कॉईलसकट क्रिस्टल टेफ्लॉनच्या टोपीत, टोपीत तेल भरलेलं. तेल काहून, तर दाब सगळ्या बाजूंनी सारखा लागावा म्हणून. डॅफ्नी ७३७३ नावाचं तेल लई जण वापरतात, ते रूम टेम्परेचरला २.२ गिगापास्कलपर्यंत पातळ राहतं. वरून टंग्स्टन कार्बाईडचा पिस्टन, हायड्रॉलिक प्रेसनं दाबायचं, आन् दाब असतानाच वरचा नट आवळून सगळं कुलूपबंद करायचं. मग प्रेस सोडली तरी दाब आत अडकून राहतो. पण सेल थंड करायला लागलं की तेल आकसतं, गोठतं, आन् ०.१५ ते ०.२ गिगापास्कल दाब आपोआप उतरतो. म्हणून दाब मोजायचा तो थंड झाल्यावर, शिशाची एक चिमुकली तार आत ठेवून, शिसं ७.२ केल्व्हिनला सुपरकंडक्टर होतं आन् दाब वाढला की हा आकडा ठरलेल्या प्रमाणात खाली येतो. दाब थोडाच पाहिजे पण बारीक बारीक पायरीनं, तर तेलाऐवजी हेलियम गॅस वापरतात, कारण तो गोठायच्या आधी कुठंही जास्त-कमी करता येतो.

आता कार्बनची भानगड. साध्या कार्बन-१२ ला न्यूक्लिअर स्पिनच नाही, तो एनएमआरला मुका. स्पिन असलेला कार्बन-१३ निसर्गात १.१ टक्का. एवढ्याशा सुईत त्यातले १.१ टक्के म्हंजे सिग्नल मिळणं मुश्किल. म्हणून केमिस्ट रेणू बनवतानाच मधल्या दुहेरी बंधावर, जिथं इलेक्ट्रॉन सगळ्यात जास्त घोटाळतो, तिथं मुद्दाम कार्बन-१३ बसवतात. पण दोन्ही शेजारी कार्बन-१३ बसले तर ते दोघं एकमेकांचं क्षेत्र ओढत बसतात आन् लाईन दोन तुकड्यांत फुटते, खरा सिग्नल कोणता ते शोधत बसा. मग दोघांपैकी एकाच बाजूला कार्बन-१३ असलेला रेणू बनवायचा, ते काम अजून कठीण, पण लाईन एकदम स्वच्छ. क्रिस्टल वाढवायचे म्हंजे काचेच्या भांड्यात मायक्रोअँपियरइतका करंट सोडून आठवडे-आठवडे गप बसायचं. ९.४ टेस्लाच्या मॅग्नेटमध्ये कार्बन-१३ चा आकडा बरोबर १०० मेगाहर्ट्झच्या आसपास येतो, म्हंजे एफएमच्या पट्ट्यातच, त्यामुळं शिल्डिंग नीट नसलं तर क्रिस्टलच्या ऐवजी गाणी लागायची.

## काय काय सापडलं

पीएफ-सिक्सवाल्या बेकगार्ड मिठापासून सुरू करू, म्हंजे वर आलेला बेकगार्ड यांचाच क्रिस्टल, केमिस्ट त्याला मीठ म्हणतात. दाब नसताना ते १२ केल्व्हिनला इन्सुलेटर होतं, हे रेझिस्टन्सनं कळलं होतं. काहून होतं ते सांगितलं एनएमआरनं. १२ केल्व्हिनखाली हायड्रोजनची लाईन फुगली, म्हंजे आत स्पिनची एक लाट गोठलेली, वर-खाली-वर-खाली. १९८६ ला फ्रान्स आन् जपानमधल्या गटांनी लाईनचा आकार बारकाईनं वाचून दाखवलं की या लाटेची लांबी क्रिस्टलच्या घरांशी, म्हंजे रेणूंच्या परत परत येणाऱ्या मांडणीशी, जुळतच नाही, आन् लाटेची उंची एका इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. दाब वाढवला की ही लाट मरते, आन् ती मरते तिथूनच सुपरकंडक्टिव्हिटी सुरू होते, दोघी एका बांधावरच्या शेजारणी. हा योगायोग नाही असंच बहुतेकांना वाटतं, मला पण.

दुसरा क्रिस्टल, नाव लई लांब आहे म्हणून कप्पा-क्लोराईड म्हणू. यात बीईडीटी-टीटीएफ नावाचे रेणू जोडी जोडीनं मांडलेले, एक जोडी म्हंजे एक कॉट. दाब नसताना पक्का मॉट इन्सुलेटर, २७ केल्व्हिनखाली अँटिफेरोमॅग्नेट. आन् फक्त ३०० वातावरणांच्या आसपास दाब, म्हंजे या धंद्यात फुंकर मारल्यासारखंच, आन् तो १३ केल्व्हिनच्या जवळ सुपरकंडक्टर. ओर्सेच्या गटानं २००० साली हेलियम गॅसनं दाब हळूहळू बदलत एनएमआर केलं. सीमेवर त्यांना एकाच वेळी दोन सिग्नल दिसले, एक फुगलेला चुंबकवाला आन् एक बारीक धातूवाला, म्हंजे एकाच क्रिस्टलचे काही भाग अजून इन्सुलेटर आन् काही सुपरकंडक्टर. बदल हळूहळू होत नाही, पाणी उकळावं तसा ठिकाणाठिकाणी फुटतो, आन् ४० केल्व्हिनच्या आसपास ही सीमारेषाच संपते. रेझिस्टन्समध्ये हे दोन भाग वेगळे दिसत नाहीत, करंट सोपा रस्ता शोधून निघून जातो.

याच्या भावाचं, कप्पा-ब्रोमाईडचं, अजून एक. तो दाबाशिवायच ११.६ केल्व्हिनला सुपरकंडक्टर, पण त्याच्या वर ५० केल्व्हिनच्या आसपास टी-वनवाल्या चुळबुळीत एक उंचवटा येतो, कोरिंगाचा नियम धाब्यावर. पुरेसा दाब दिला की उंचवटा सपाट होतो आन् नियम परत लागू, पण त्याच वेळी सुपरकंडक्टिव्हिटीचं तापमान पण उतरतं. चुळबूळ आन् सुपरकंडक्टिव्हिटी सोबत येतात, सोबत जातात. वरून थंड केल्यावर टी-वन ज्या पद्धतीनं वाढतं, त्यावरून कळतं की इथल्या जोड्या शिशा-कथिलातल्या जोड्यांसारख्या नाहीत, काही दिशांना त्यांची पकड शून्य असते.

टीएमटीटीएफवाल्या (टीएमटीएसएफचाच भाऊ, सेलेनियमच्या जागी गंधक) घराण्याची गोष्ट तर गुप्तहेराची वाटावी अशी. १९८० च्या दशकातच रेझिस्टन्सवरून दिसलं होतं की यातले काही क्रिस्टल ठराविक तापमानाला काहीतरी बदलतात, पण एक्स-रेला काहीच सापडेना. शेवटी २००० ला कार्बन-१३ एनएमआरनं बघितलं तर एक लाईन फुटून दोन झालेल्या. म्हंजे सगळे रेणू सारखे राहिलेच नव्हते, निम्म्यांवर भार जास्त, निम्म्यांवर कमी, एक सोडून एक. अणूंच्या जागा जवळपास तिथंच असल्यानं एक्स-रेला ते निसटलं, न्यूक्लिअसला निसटलं नाही. दाब वाढवला की ही वाटणी कमी होत होत मोडते.

आन् अल्फा-आयोडाईड, त्याच बीईडीटी-टीटीएफ रेणूंचा वेगळ्या मांडणीचा क्रिस्टल. साध्या दाबाला १३५ केल्व्हिनला भाराची तशीच वाटणी होऊन इन्सुलेटर. १.५ गिगापास्कलच्या वर नेलं की ती जाते आन् इलेक्ट्रॉन असे वागतात की जणू त्यांना वस्तुमानच नाही, ग्राफिनमधल्यासारखं. फरक हा की ग्राफिन म्हंजे कार्बनचा एकच थर, हा चांगला जाड क्रिस्टल. एनएमआरमध्ये थंड करत गेलं की नाईट शिफ्ट उतरत जातं, कारण करंट न्यायला मोकळे इलेक्ट्रॉन कमी कमी होत जातात. एका घरात वेगवेगळ्या जागी रेणू बसलेले, आन् जपानी गटानं २०१६ च्या सुमाराला प्रत्येक जागेची लाईन वेगळी वाचून दाखवलं की एका जागेवर तर स्पिन बाहेरच्या क्षेत्राच्या उलट्या दिशेला कलतो. हे जागेगणिक सांगणं दुसऱ्या कोणत्या तंत्राला या दाबाखाली जमलं असतं असं मला तरी वाटत नाही.

परत कॉटकडं येतो. तीन कॉट त्रिकोणात लावल्या तर प्रत्येकानं शेजाऱ्याच्या उलट डोकं करायचं जमणारच नाही, दोघांचं जमलं की तिसऱ्याची पंचाईत. कप्पा-कॉपर-सायनाईड नावाच्या क्रिस्टलमध्ये तशीच मांडणी. टोकियोच्या कानोदा यांच्या गटानं २००३ ला एनएमआर केलं, स्पिनमधली ओढ २५० केल्व्हिनच्या दर्जाची, म्हंजे साधारण तेवढ्या तापमानाच्या उष्णतेएवढी, असून ३२ मिलिकेल्व्हिनपर्यंत लाईन फुटलीच नाही. स्पिन शेवटपर्यंत गोठले नाहीत, म्हणून याला स्पिन लिक्विड म्हणाले आन् पुढची वीस वर्षं त्याच्यावर पेपरचा पाऊस पडला. २०२१ ला श्टुटगार्टच्या गटानं इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर थेट रेझोनन्स करून सांगितलं की ६ केल्व्हिनच्या खाली स्पिन जोड्या करून शांत होतात. म्हंजे न्यूक्लिअसला खाली जी चुळबूळ दिसत होती तिच्यात क्रिस्टलमधल्या दोषांचा पण वाटा असणार. दाबाखाली हाच पदार्थ ४ केल्व्हिनच्या जवळपास सुपरकंडक्टर होतो.

## साक्षीदार खरा, पण विचारताना जपून

आता तो घोळ. पीएफ-सिक्सवाला क्रिस्टल दाबाखाली सुपरकंडक्टर असताना त्याच्या जोड्या कशा, एक वर एक खाली का दोघं एका बाजूला? लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या स्टुअर्ट ब्राऊन यांच्या गटानं सेलेनियम-७७ चं एनएमआर केलं, २००२ ला पेपर आला, नाईट शिफ्ट बदललंच नाही. म्हंजे दोघं एका बाजूला, दुर्मिळ गोष्ट. पण २००७ ला परक्लोरेटवाल्या भावात, दाबाशिवाय, कमी चुंबकक्षेत्रात मोजलं तर शिफ्ट उतरलं, म्हंजे एक वर एक खाली. त्या पेपरमध्येही ब्राऊन होतेच, हे मला आवडतं.

पुढं वेगळ्याच पदार्थात एक गोष्ट उघडी पडली. स्ट्रॉन्शियम रुथेनेटमध्ये १९९८ पासून सगळे मानत होते की शिफ्ट बदलत नाही. २०१९ ला याच यूसीएलएच्या लॅबमधून दाखवलं गेलं की रेडिओचा पल्स जोरात दिला तर पल्सनंच क्रिस्टल गरम होतो, क्षणभर सुपरकंडक्टिव्हिटी जाते, आन् आपण मोजतो तो साधा धातू. पल्सची ऊर्जा कमी केली तेव्हा शिफ्ट उतरलं. १ केल्व्हिनच्या खाली कशालाही गरम व्हायला कितीशी ऊर्जा लागते, आन् इथं क्रिस्टल तेलात, टेफ्लॉनमध्ये, जाड धातूच्या डबीत, उष्णता बाहेर पडायला वाट पण लांबची. म्हणून आता असा कोणता पेपर हातात आला की मी निकालाच्या आधी हेच बघतो, पल्सची ऊर्जा कमी कमी करत जाऊन तोच आकडा परत येतोय का, आन् त्याच वेळी त्याच कॉईलनं क्रिस्टल खरंच सुपरकंडक्टिंग असल्याचं तपासलंय का.